अणूंची भागीदारी

एका वाटीत मीठ आणि दुसऱ्या वाटीत साखर घेतली, तर दुरून पाहणाऱ्यास त्या दोहोंत फारसा भेद दिसत नाही. दोन्ही पदार्थ शुभ्र, दोन्ही स्फटिकमय आणि दोन्ही पाण्यात सहज विरघळणारे. परंतु त्यांच्या द्रावणांतून विजेचा प्रवाह नेण्याचा प्रयत्न केला, की त्यांचे स्वभाव किती निराळे आहेत हे तत्काळ ध्यानात येते. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. साखरेच्या पाण्यातून ती वाहत नाही. तव्यावर साखर ठेवून आच दिली, तर थोड्याच वेळात ती वितळते व करपू लागते. मीठ मात्र सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान गाठल्यावाचून वितळत नाही. दिसण्यात इतके साम्य आणि स्वभावात इतका भेद, असे का असावे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्राची पुष्कळ प्रगती झाली होती. कोणता पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा बनला आहे आणि त्यांत त्यांचे प्रमाण किती आहे, हे शास्त्रज्ञ अचूक सांगू शकत होते. दोन अणू परस्परांशी जोडलेले आहेत हे दाखविण्यासाठी ते त्यांच्या चिन्हांमध्ये एक लहानशी रेघ ओढीत. परंतु ती रेघ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे कोणासही ठाऊक नव्हते. भिन्न विद्युत्‌भार असलेले अणू एकमेकांस आकर्षून घेतात, असा विचार स्वीडनमधील थोर शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी त्या शतकाच्या आरंभीच मांडला होता. मिठासारख्या पदार्थास तो लागू पडे. पण हायड्रोजन वायूच्या रेणूत तर हायड्रोजनचेच दोन अणू असतात. अगदी सारखे असलेले दोन अणू एकमेकांस का धरून ठेवतात? या प्रश्नापाशी बुद्धी कुंठित होत असे.

हे कोडे ज्यांनी सोडविले, ते गिल्बर्ट न्यूटन लुईस हे हाडाचे शिक्षक होते. आणि त्या उकलीचे बीज त्यांना सापडले तेही वर्गात शिकविण्याची तयारी करीत असतानाच.

लुईस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेमथ या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. गिल्बर्ट नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब नेब्रास्का राज्यातील लिंकन या गावी राहावयास गेले. लहानपणी त्याचे बरेचसे शिक्षण आईवडिलांच्या देखरेखीखाली घरीच झाले. तिसऱ्या वर्षीच तो वाचू लागला होता, असे सांगतात. ठराविक अभ्यासक्रमाची चाकोरी नसल्यामुळे मनात उद्भवलेल्या प्रश्नाचा आपल्या रीतीने माग काढण्याची सवय त्याच्या अंगी बाणली. ही सवय पुढे त्याला जन्मभर उपयोगी पडली.

तेराव्या वर्षी गिल्बर्ट नेब्रास्का विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या शाळेत दाखल झाला. त्यानंतर विद्यापीठात दोन वर्षे काढून तो हार्वर्ड विद्यापीठात गेला. १८९६ मध्ये तो पदवीधर झाला आणि १८९९ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षाच्या आत, त्याने डॉक्टरेट मिळविली. पुढे जर्मनीतील लाइपझिग व गॉटिंगेन येथे ऑस्टवाल्ड आणि नर्न्स्ट या नामांकित आचार्यांच्या सान्निध्यात काही काळ अध्ययन करून लुईस हार्वर्डला परतले आणि तेथे अध्यापन करू लागले.

१९०२ साली नवख्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राची मूलतत्त्वे शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. मूलद्रव्ये क्रमाने मांडली असता काही अंतराने सारख्या गुणांची मूलद्रव्ये पुनःपुन्हा येतात, हे रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्येच दाखवून दिले होते. पण असे का घडते, हे विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे? इंग्लंडमधील जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन या ऋणभारित सूक्ष्म कणाचा शोध लावला होता. अणूमध्ये असे इलेक्ट्रॉन असतात, मग त्यांच्या मांडणीतच या आवर्तनाचे रहस्य दडलेले नसेल ना, असा विचार लुईस यांच्या मनात आला.

त्यांनी कागद घेतला आणि त्यावर घन काढले. घनाला आठ कोपरे असतात. अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन या आठ कोपऱ्यांवर बसलेले आहेत, अशी त्यांनी कल्पना केली. एका मूलद्रव्याच्या घनावर एक ठिपका, पुढच्याच्या घनावर दोन, त्यापुढच्याच्या घनावर तीन, असे करीत आठही कोपरे भरले, की एक फेरा पूर्ण होई आणि पुढच्या मूलद्रव्यापासून नवा घन सुरू होई. ज्याचे कोपरे भरलेले आहेत तो अणू तृप्त. त्याला कोणाची गरज नाही. निऑन, अरगॉन यांसारखे निष्क्रिय वायू एकलकोंडे का राहतात, याचा उलगडा त्यामुळे होत होता. ज्याच्या कोपऱ्यावर एकच इलेक्ट्रॉन आहे तो सोडियम तो देऊन टाकण्यास उत्सुक असतो आणि ज्याचा एकच कोपरा रिकामा आहे तो क्लोरीन तो घेण्यास उत्सुक असतो. देवघेव झाली, की एक धनभारित व दुसरा ऋणभारित होतो आणि ते परस्परांकडे ओढले जातात. मिठाचे कोडे येथवर सुटले.

तो कागद आजही प्रसिद्ध आहे. त्यावर २८ मार्च १९०२ अशी तारीख आहे. पण लुईस यांनी तो विचार प्रसिद्ध केला नाही. त्या काळी हार्वर्डमध्ये काटेकोर मोजमापास महत्त्व होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अणूंविषयी असे तर्क लढविणे तेथील वडीलधाऱ्यांना रुचत नसे. शिवाय, लुईस यांचे स्वतःचेही समाधान झाले नव्हते. त्यांच्या घनांनी मिठाचा उलगडा होत होता, साखरेचा होत नव्हता. हायड्रोजन वायू, मिथेन, मद्यार्क, साखर या पदार्थांत कोणी कोणास इलेक्ट्रॉन देऊन टाकल्याचे चिन्ह दिसत नव्हते. तरीही त्यांचे अणू घट्ट जोडलेले होते. अर्धे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे, हे जाणून त्यांनी कागद बाजूला ठेवला.

त्यानंतर चौदा वर्षे गेली. या काळात त्यांनी काही काळ फिलिपाइन्समधील मनिला येथे वजनमापांच्या खात्याचे प्रमुख म्हणून काम केले. १९०५ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत आले आणि उष्णता व ऊर्जा यांच्या रासायनिक नियमांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. १९१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना बर्कली येथील रसायन महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून पाचारण केले. त्याच वर्षी मेरी शेल्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बर्कली हेच पुढे त्यांचे कायमचे घर ठरले.

दरम्यान अणूविषयीचे ज्ञान पुष्कळ वाढले होते. रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक असल्याचे दाखविले. बाजूला ठेवलेला प्रश्न लुईस यांच्या मनातून कधीच गेला नव्हता. अखेरीस त्यांना जो विचार सुचला, तो एखाद्या मुलालाही समजेल इतका साधा होता. अणूने इलेक्ट्रॉन द्यावा किंवा घ्यावा, एवढे दोनच मार्ग आहेत असे आजवर गृहीत धरले जात होते. लुईस यांनी तिसरा मार्ग दाखविला. दोन अणू मिळून इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवू शकतात!

दोन शेजाऱ्यांच्या परड्यांमध्ये सामाईक विहीर असते. ती खणण्यास लागणारा सगळा खर्च एकट्यास झेपणारा नसतो, म्हणून दोघे आपापला वाटा घालतात. विहीर एकच, पण तुमच्या घरी विहीर आहे काय, असे विचारले असता दोघेही होय असेच उत्तर देतात आणि दोघांचेही उत्तर खरे असते. आता यांपैकी कोणी दूर राहावयास जाऊ लागला, तर त्याला विहीर उचलून नेता येणार नाही. म्हणून ते शेजारी एकमेकांशी बांधलेले राहतात. अणूंचेही तसेच आहे. हायड्रोजनच्या अणूजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याला दोन हवे असतात. दोन हायड्रोजन अणू जवळ आले, की प्रत्येक जण आपला एक इलेक्ट्रॉन भागीत घालतो. होणारी जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते आणि दोघेही तृप्त होतात. ही सामाईक जोडी म्हणजेच रसायनशास्त्रज्ञांनी इतकी वर्षे ओढलेली ती लहानशी रेघ होय.

१९१६ साली अमेरिकन रसायन संस्थेच्या नियतकालिकात लुईस यांनी अणू आणि रेणू यांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. सामाईक जोडीची ही कल्पना हाती येताच अनेक पदार्थांची रचना उलगडू लागली. ऑक्सिजनच्या बाहेरच्या थरात सहा इलेक्ट्रॉन असतात. आठ होण्यास दोन कमी. म्हणून तो दोन हायड्रोजन अणूंशी एकेक जोडी करतो आणि पाणी तयार होते. नायट्रोजनजवळ पाच असतात. तो तीन हायड्रोजन अणूंशी भागी करतो आणि अमोनिया बनतो. कार्बनजवळ चार असतात. तो चार हायड्रोजन अणूंना हात देतो आणि मिथेन वायू बनतो. कधी दोन अणूंमध्ये दोन जोड्या सामाईक असतात, तर कधी तीन. आपण श्वास घेतो त्या हवेतील नायट्रोजनच्या प्रत्येक रेणूत दोन अणू तीन जोड्यांनी जखडलेले असतात. म्हणूनच हवेत नायट्रोजन विपुल असूनही तो सहजासहजी दुसऱ्या पदार्थाशी संयोग पावत नाही.

हे सारे दाखविण्यासाठी लुईस यांनी एक सोपी खूण योजिली. मूलद्रव्याचे चिन्ह लिहावयाचे आणि त्याच्याभोवती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांइतके ठिपके द्यावयाचे. दोन चिन्हांच्या मध्ये दोन ठिपके आले, की ती सामाईक जोडी. जगातील शाळांच्या फळ्यांवर आजही हे ठिपके काढले जातात.

येथे लुईस यांच्या स्वभावातील एक मोठा गुण दिसून येतो. घनाची आकृती त्यांची स्वतःची, चौदा वर्षे मनात बाळगलेली. एक जोडी सामाईक असेल तर दोन घनांची एक कड सामाईक दाखविता येई. दोन जोड्या असतील तर एक बाजू. परंतु तीन जोड्या घनांनी दाखविता येईनात. शिवाय, कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात, असे रसायनशास्त्रज्ञ १८७४ पासून मानीत आले होते. तेव्हा लुईस यांनी त्याच निबंधात आपल्या घनाचा मोह आवरला. आठ कोपऱ्यांवर आठ सुटे इलेक्ट्रॉन मांडण्याऐवजी चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर चार जोड्या मांडणे अधिक सयुक्तिक आहे, असे त्यांनी दाखविले. आपल्या आवडत्या चित्रापेक्षा वस्तुस्थिती मोठी, हे ज्यास कळते तोच खरा शोधक.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लुईस फ्रान्समध्ये गेले आणि विषारी वायूंपासून बचाव कसा करावा, याचे शिक्षण सैनिकांना देण्याचे काम त्यांनी केले. पुढे अर्विंग लँगम्यूर या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लुईस यांची कल्पना उचलून धरली. लँगम्यूर यांचे वक्तृत्व मोठे प्रभावी होते. १९१९ पासून त्यांनी व्याख्याने देऊन आणि लेख लिहून तिचा सर्वत्र प्रसार केला. सहसंयुज बंधासाठी इंग्रजीत रूढ झालेले नावही त्यांनीच दिले. पण त्याचा परिणाम असा झाला, की पुष्कळ लोक ही उपपत्ती लँगम्यूर यांचीच समजू लागले. ही गोष्ट लुईस यांच्या मनाला लागली. तथापि त्यांनी नुसता वाद घालीत वेळ दवडला नाही. १९२३ मध्ये संयुजेविषयी एक ग्रंथ लिहून त्यांनी आपला विचार पहिल्यापासून सांगोपांग मांडला आणि १९०२ सालचा तो जुना कागदही त्यात छापला. आठाच्या नियमाला अपवाद आहेत. हायड्रोजनला दोनच पुरतात आणि काही संयुगांत आठांहून अधिकही असतात. म्हणून आठांच्या संख्येपेक्षा दोहोंची जोडी अधिक मूलभूत आहे, हेही त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले.

त्यांच्या विचारापुढे दुसरीही एक अडचण होती. पदार्थविज्ञानाचे पंडित म्हणत, की इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरत असतात. ते लुईस यांच्या ठिपक्यांप्रमाणे एका जागी बसून राहतील कसे? शिवाय, दोघांवरही ऋणभार असता ते जोडीने राहतील कसे? या आक्षेपांना समाधानकारक उत्तर त्या वेळी लुईस यांच्याजवळ नव्हते. परंतु असंख्य पदार्थांचे गुणधर्म जोडीचीच साक्ष देत होते आणि ती साक्ष त्यांनी सोडली नाही. पुढे १९२७ मध्ये हाइटलर व लंडन या दोन तरुण शास्त्रज्ञांनी पुंजयामिकी या नव्या शास्त्राच्या साहाय्याने हायड्रोजनच्या रेणूचे गणित केले. इलेक्ट्रॉन ठिपक्यांसारखे स्थिर नसतात, हे पदार्थविज्ञानाचे म्हणणे खरे ठरले. पण दोन अणूंना एकत्र ठेवणारी ती इलेक्ट्रॉनांची सामाईक जोडीच, हे लुईस यांचे म्हणणेही खरे ठरले. लायनस पॉलिंग यांनी १९३९ मध्ये रासायनिक बंधाविषयी लिहिलेला विख्यात ग्रंथ लुईस यांनाच अर्पण केला आहे.

लुईस यांचे कार्य एवढ्यावरच थांबत नाही. आम्ले व अल्के यांची इलेक्ट्रॉनांच्या जोडीवर आधारलेली नवी व्याख्या त्यांनी केली. प्रकाशाच्या कणाला आज जे फोटॉन म्हणतात, तो शब्द १९२६ मध्ये त्यांच्या पत्रामुळे प्रचारात आला. १९३३ मध्ये त्यांनी जवळजवळ शुद्ध असे जड पाणी प्रथम वेगळे केले.

पण त्यांचे सर्वांत मोठे धन म्हणजे त्यांचे विद्यार्थी. बर्कली येथे आठवड्यातून एकदा सर्व जण एकत्र जमत आणि एखाद्या विषयावर चर्चा चाले. तेथे वयाचा वा पदाचा मान आड येत नसे. कालचा विद्यार्थीही प्रत्यक्ष लुईस यांना प्रश्न विचारू शके. अनुभवी प्राध्यापकांनीही नवख्या विद्यार्थ्यांना शिकविले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. यूरी, जिओक, सीबॉर्ग, लिबी या त्यांच्या संस्थेत घडलेल्या शास्त्रज्ञांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. स्वतः लुईस यांचे नाव त्या पारितोषिकासाठी अनेकदा सुचविले गेले. परंतु ते त्यांना कधीच मिळाले नाही. तरीही त्यांची प्रयोगशाळा कधी सुनी पडली नाही.

२३ मार्च १९४६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बर्कलीच्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच लुईस यांचा देहान्त झाला. हृदयविकाराने त्यांना मृत्यू आला, असे मानले गेले. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचे हात प्रयोगात गुंतलेले होते.

आता पुन्हा त्या दोन वाट्यांकडे वळू. मिठात सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. असे अगणित भारित कण एकमेकांस चोहोंकडून ओढून धरतात, म्हणून मीठ वितळविण्यास प्रचंड उष्णता लागते. पाण्यात टाकताच ते कण सुटे होतात आणि त्यांच्यामुळे वीज वाहते. साखरेची गोष्ट निराळी. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११, असे एकूण ४५ अणू असतात आणि ते सर्व सामाईक जोड्यांनी बांधलेले असतात. पाण्यात साखरेचे रेणू एकमेकांपासून दूर होतात. पण प्रत्येक रेणू आतून अभंग राहतो. तेथे भारित कण नसल्यामुळे वीजही वाहत नाही. देवघेवीने एक पदार्थ घडला, भागीदारीने दुसरा.

पाणी, हवा, लाकूड, कापूस, तेल, धान्य, एवढेच नव्हे तर आपले शरीरदेखील बहुतांशी अशाच भागीदारीने घडलेले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना एखादी गोष्ट नीट समजावी म्हणून एका तरुण शिक्षकाने कागदावर काही ठिपके काढले आणि अर्धवट उत्तरावर समाधान न मानता चौदा वर्षे धीर धरला. त्या ठिपक्यांतून सृष्टीच्या घडणीचे एक मोठे रहस्य मानवास उमगले.